तीनचा शो

भुताचा पिक्चर लावायच्या आधी आबा देव्हाऱ्याची दारं उघडायचे. बाकी लोक अशा वेळी देवांवर पडदा ओढतात. माझ्या सासूबाई तर टीव्हीवर भुताची जाहिरात आली तरी देवांकडे पाहून हात जोडायच्या. आबांचं उलटं. त्यांचा लहानसा सागवानी देव्हारा गॅसच्या टाकीच्या चाकाच्या स्टँडवर ठेवलेला होता. ते तो ढकलत टीव्हीसमोर आणायचे, तोंड पडद्याकडे करायचे आणि दारं उघडून कडी अडकवायचे.

"अर्धा पिक्चर त्यांच्या नावावर चालतो," ते म्हणायचे. "त्यांनी पाहायला नको?"

पिंप्राळ्यात त्यांच्या घरामागच्या खोलीत आम्ही सात वर्षं राहिलो. माझे मालक रिक्षा चालवतात, सकाळी गेले की दिवे लागल्यावर येतात. आबा एकटे. मुलगा सुरतेला. आबांची दोन वेळची भाकरी मी करायची असं राहायला आलो तेव्हाच ठरलं होतं. कळण्याची भाकरी, ठेचा, कधी शेवभाजी. जेवणाबद्दल त्यांची तक्रार कधीच नसायची. तक्रार एकच, की मी बोलत नाही.

मी बोलत नाही हे खरं आहे. चौथीत बाईंनी उभं करून कविता म्हणायला लावली तेव्हा मी बाकाची फळी धरून नुसतीच उभी राहिले होते, ती अजून तशीच आहे. चार माणसांत जीभ उचलत नाही. दुकानात गेले तर पुढच्याचं सामान घेऊन होईपर्यंत थांबते, मग त्याच्या पुढच्याचंही होऊ देते.

आबा धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, पिक्चरचं मशीन चालवायचे. त्या टॉकीजच्या जागेवर आता कपड्याचं मोठं दुकान आहे म्हणतात. टॉकीज बंद झाली तेव्हा सगळ्यांनी काही ना काही नेलं. कोणी खुर्च्या नेल्या, कोणी पंखे. आबांनी तिकिटांची पुस्तकं आणली, गुलाबी कागदाची, एक पोतं भरून. रोज दुपारी तीनला शो. मी भांडी आवरून हात पुसत यायची तर दारात आबा उभे. पांढरी टोपी, तीही इस्त्रीची. एक तिकीट फाडून माझ्या हातात द्यायचे, अर्धं स्वतःकडे ठेवायचे.

"ये माय, सीट धरी ले."

सीट म्हणजे पाट. ते स्वतः खुर्चीवर. आणि बरोबर तीनला पिक्चर सुरू. पाच मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. वीज गेली असेल तर वीज येईपर्यंत टोपी घालून तसेच बसून राहायचे.

ते धुळ्याच्या अहिराणीत बोलायचे. मी पहूरकडची, आमची बोली निराळी. म्हणून इथे मला जमतं तसं लिहिते आहे. काही वाक्यं मात्र त्यांच्याच तोंडची ठेवली आहेत, कारण ती माझ्या तोंडची केली तर मरतात.

भुताचे सोडून दुसरे पिक्चर ते पाहतच नसत. देवाचे पिक्चरसुद्धा नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याला भीतीची चटक आहे. पण ते घाबरत नव्हतेच. दार करकरलं, बाई किंचाळली, मांजर उडी मारून गेलं, आबा शेंगदाणे खातायत. जिथे मी पदर तोंडावर घ्यायची तिथे ते विचारात पडायचे.

"देवाच्या पिक्चरमध्ये देवावर शंका कोण घेतो?" त्यांनी एकदा मला सांगितलं. "कोणीच नाही. एखादा दुष्ट सावकार घेतो, त्याला शेवटी पाया पडायला लावतात. तो कायमचा मानून मोकळा. भुताच्या पिक्चरमध्ये चांगली माणसं शंका घेतात, माय. शिकलेला पोरगा म्हणतो, असलं काही नसतं. त्याची बायको म्हणते, असतं. आणि दोघं एकाच खाटेवर झोपतात. हा खरा पिक्चर."

त्यांचा एक हिशोबच होता. इंटरव्हलच्या आधी कोणी मानत नाही आणि इंटरव्हलच्या नंतर कोणी सुटत नाही. म्हणून ते इंटरव्हल करायचे. पिक्चर थांबवून चहा मागायचे आणि मला विचारायचे, "आता बोल. तो पोरगा मानेल की नाही?" मी मान हलवायची. कोणत्या बाजूला हलवली ते मलाही कळायचं नाही.

दुसरं एक त्यांचं ठरलेलं होतं. पिक्चरमध्ये कोणी भुतासमोर त्रिशूळ धरला, ताईत धरला, क्रॉस धरला, की ते तिथेच बटण दाबून चित्र गोठवायचे. खुर्चीवरून उठायचे, टीव्हीजवळ जायचे आणि बोट लावून दाखवायचे.

"वस्तू नको पाहू. हात पाहा. थरथरतोय का?"

हात थरथरत असला की त्यांना पिक्चर आवडायचा. धडधडीत मंत्र म्हणणारा बुवा आला की ते नाक मुरडायचे. "हा पगारी आहे," म्हणायचे. हिंदीत केलेले परदेशातले पिक्चर त्यांना जास्त आवडत, कारण तिथले पाद्री स्वतःच शंकेत असतात. देव ऐकत नाही म्हणून रडतात आणि तरी पुस्तक उघडून वाचतात. "आपल्याकडचा पुजारी कधी रडताना दाखवलाय? नाही. म्हणून आपलं भूत पळतं तर पटत नाही."

समोरच्या घरातल्या काकूंना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. काकू भजनी मंडळाच्या पुढारी. एका दुपारी त्या प्रसादाची वाटी घेऊन आल्या आणि टीव्हीसमोर उघडा देव्हारा पाहून दारातच थबकल्या.

"आबा, घरात हे काय लावता? देवासमोर डाकिणी नाचवता? बाधा होईल एखाद्या दिवशी."

"देव आहेत ना समोर बसलेले," आबा म्हणाले. "ते असताना बाधा झाली, तर मग तुमचं भजन कोणाला ऐकवता?"

"दिवा लावत नाही, अगरबत्ती लावत नाही, आणि वर शहाणपण."

"तेल तुम्ही लावताच आहात की भरपूर."

काकू वाटी ठेवून गेल्या. दिव्याचं मात्र त्या खरं बोलल्या होत्या. आबा देवांना रोज फडक्याने पुसायचे, पण दिवा कधी लावला नाही, हातही जोडले नाहीत. देव अक्कांचे, म्हणजे त्यांच्या गेलेल्या बायकोचे. त्यांचा फोटो टीव्हीमागच्या भिंतीवर, बराच उंच. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "आबा, तुम्ही देव मानता का नाही?" सात वर्षांतला माझा तो पहिला प्रश्न असेल.

ते म्हणाले, "मी ऑपरेटर शे. पडदावर जे येस ते दाखाडनं हाई मन्हं काम. मानानं काम खाले बठेल लोकेसनं." म्हणजे दाखवणं त्यांचं, मानणं खाली बसलेल्यांचं.

मग एक दिवस तो चमच्यांचा पिक्चर लागला.

परदेशातला होता. एक विधवा बाई, एक लहान मुलगी आणि शेताच्या कडेला घर. नवरा गेल्यापासून त्या बाईने चर्चमध्ये जाणं सोडलेलं असतं. घरातला क्रॉस तिने स्वतःच्या हाताने काढून टाकलेला. मग घरात ते येतं. मुलीच्या खोलीचं दार आतून बंद होतं. बाई स्वयंपाकघरात धावते, कपाटं उघडते, काहीच सापडत नाही. शेवटी ती दोन चमचे घेते, एकावर एक आडवे ठेवते आणि दोऱ्याने बांधते. दोरा तिच्या बोटांना नीट गुंडाळताच येत नाही.

आबांनी तिथे चित्र गोठवलं. उठून टीव्हीजवळ गेले. बोट लावलं, पण नेहमीसारखं हात पाहा म्हणाले नाहीत.

"हे चमचे आहेत," ते म्हणाले. "सकाळी यांनीच साखर घातली तिने. तिला माहीत आहे हे चमचे आहेत. मग ती का बांधतेय?"

ते मला विचारत नव्हते, असं मला वाटतं. पण मी बोलले.

"तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, आबा."

आबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी टीव्ही बंद केला. देव्हाऱ्याची दारं लावली, स्टँड ढकलत कोपऱ्यात नेला, टोपी काढून खुंटीला लावली. साडेचारसुद्धा वाजले नव्हते. शो अर्धवट सोडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. रात्री भाकरी नेली तर म्हणाले, भूक नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तिकीट दिलं, पण टीव्ही लावला नाही. पाटावर बसवलं आणि सांगितलं.

टॉकीजचे शेठ मोठे हुशार होते. भुताचा पिक्चर लागला की ते तिकिटासोबत अंगाऱ्याची पुडी द्यायचे. बाहेर पाटी लावायची, घाबरणाऱ्यांसाठी अंगारा मोफत. पहिल्या वेळी एका देवस्थानाच्या धुनीतली राख खरोखर पिशवी भरून आणली. ती दोन दिवसांत संपली. पिक्चर पाच आठवडे चालला. मग शेठ आबांना म्हणाले, तुझ्या घरी चूल आहे ना? तेव्हापासून प्रत्येक भुताच्या पिक्चरचा अंगारा अक्कांच्या चुलीतून जायचा. अक्का राख मलमलीतून चाळायच्या, मैद्यासारखी. मग दोघं बसून जुन्या जाहिरातींच्या कागदात पुड्या बांधायचे. हसायचे. अक्का म्हणायच्या, "धुळ्याची सगळी भुतं माझ्या चुलीला भितात."

"एकदा एक बाई आली," आबा म्हणाले. "कडेवर पोर. म्हणे, ती पुडी लावल्यापासून पोर झोपेत ओरडत नाही, अजून एक द्या. शो सुरू व्हायचा होता, मी गेटवर होतो. मला सांगवेना. दिली. घरी येऊन हिला सांगितलं, तर ही हसली नाही. म्हणाली, बरं झालं दिली. आणि एक पुडी उचलून देवामागे ठेवली."

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी अक्का आजारी पडल्या. दवाखान्यातून घरी न्या म्हणून सांगितलं. आबा सकाळी जवळ बसायचे आणि दुपारी शो करायला जायचे, कारण दुसरा ऑपरेटर सोडून गेला होता. त्या दिवशी ते तीनच्या शोला निघाले. चपला घालत होते तेव्हा अक्कांनी हाक मारली.

"ती पुडी शे ना देवमागे, ती लाव मले."

आबा हसले. "अवं, ती आपलाच चुल्हानी राख शे. तुन्हाच हातनी."

"मले ठाऊक शे. लाव."

आबांनी पुडी काढून त्यांच्या हातात दिली. लावली नाही. म्हणाले, वेडी का काय तू, आणि गेले. सहाला परत आले तेव्हा शेजारणी जमल्या होत्या.

"पुडी तिच्या मुठीत होती," आबा म्हणाले. "न उघडलेली. स्वतः लावू शकत होती ना, माय. हात चालत होते तिचे. मी लावली नाही, कारण मला खोटं करायचं नव्हतं. साऱ्या धुळ्याला वाटली आणि घरातल्या माणसापाशी खरं धरून बसलो."

 त्या दिवशी त्यांनी मला बोल म्हटलं नाही. त्या मुठीसकट अक्कांना नेलं, एवढं शेवटी सांगितलं.

यानंतर आबा पुन्हा पहिल्यासारखेच पिक्चर लावायला लागले. शेंगदाणे, इंटरव्हल, सगळं तसंच. फक्त चमच्यांचा पिक्चर त्यांनी पुढे पाहिला नाही. त्या चमच्यांनी काय केलं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मग यंदाच्या उन्हाळ्यात आबा न्हाणीत पडले. हाड मोडलं नाही, पण मुलगा सुरतेहून आला आणि म्हणाला, आता एकटं ठेवणार नाही. घर विकायचं ठरलं. आबा भांडले नाहीत. पोतंभर तिकिटं रद्दीत गेली तरी काही म्हणाले नाहीत, एक पुस्तक तेवढं उशाखाली ठेवलं. निघायच्या आदल्या दिवशी मुलगा बँकेच्या कामाला गेला होता. दोन वाजले असतील. आबांनी मला हाक मारली.

"चुल्हानी राख आनी दे, माय. तीनच्या आत."

मी बरं म्हटलं आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर लक्षात आलं, की चूल कोणाकडे आहे? माझ्याकडे गॅस, शेजारी गॅस, सगळ्या कॉलनीत गॅस. बंब होते तेही भंगारात गेले. राख कुठून आणायची? आणि विचारायचं म्हणजे दारोदार जाऊन बोलायचं.

ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी काकूंच्या दाराशी गेले, परत फिरले, पुन्हा गेले. काकूंनी दार उघडलं.

"राख आहे का? थोडी."

"राख? कशाला गं?"

"आबांना पाहिजे. लावायला."

काकूंचा चेहराच बदलला. "बघ, शेवटी आली ना आठवण देवाची," म्हणाल्या आणि आत जाऊन चांदीची डबी घेऊन आल्या. "राख कशाला? हा खरा अंगारा आहे, मी स्वतः देवस्थानातून आणला. ने, सगळा ने."

डबी माझ्या हाताजवळ आली होती. घेतली असती तर काम झालं असतं. आबांना कळलंही नसतं.

"नको, काकू," मी म्हणाले. "राखच पाहिजे."

"अगं पण हा खरा आहे."

"हो. म्हणूनच नको."

काकूंनी दार लावलं. जोरात नाही, पण लावलं. मी कोपऱ्याकडे वळले.

कोपऱ्यावर लिंबाच्या झाडाखाली इस्त्रीवाल्या चाचांची गाडी असते. त्यांची इस्त्री अजून कोळशाची आहे. सात वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. गाडीखाली पोतं अंथरून ते पडले होते.

"चाचा, राख पाहिजे."

"भांडी घासायला?"

"नाही. आबांना. अंगारा म्हणून."

चाचा उठून बसले. "बाई, ये कोयले की है. सकाळी यावर मी चहा पण उकळला. दर्ग्याची पाहिजे तर मेरे घर से…"

"नको. हीच पाहिजे."

चाचांनी इस्त्रीचं झाकण उघडलं. वरची राख बाजूला केली, त्यात कचरा आहे म्हणाले. खालची काढली, आपल्या खांद्यावरचा पातळ रुमाल कागदावर धरला आणि त्यातून ती हळूहळू चाळली. मी सांगितलं नव्हतं. मग कागदाची पुडी बांधून दिली.

"दस साल से उनकी टोपी इस्त्री करतो," ते म्हणाले. "टोपी कोणी इस्त्रीला देतं का? पण रोज द्यायचे. बोलना, चाचा ने दिया है."

मी आले तेव्हा तीनला दहा कमी होते. आबा टोपी घालून खुर्चीवर बसले होते. पुडी हातात घेतली.

"कोठली शे?"

"चाचांच्या इस्त्रीतली."

"म्हणजे कोयसानी."

"हो. काकू देवस्थानातला अंगारा देत होत्या. मी नाही आणला."

आबांनी पुडी बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "बठ्ठं समजस तुले, सगळंच." त्यांनी भिंतीकडे मान केली. "तिला खाली घे."

मी स्टुलावर चढून अक्कांचा फोटो काढला, पदराने धूळ पुसली आणि आबांच्या मांडीवर ठेवला. मला इतका वेळ वाटत होतं, आबांना स्वतःला लावायची आहे. त्यांनी पुडी उघडली, अंगठा राखेत बुडवला आणि काचेवरूनच अक्कांच्या कपाळावर टेकवला. अंगठा थरथरत होता. बोटाचा ठसा उमटला, मधे दाट आणि कडेला पुसट.

"उशीर झाला," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे.

मग त्यांनी उशाखालचं पुस्तक मागितलं आणि मला तिकीट फाडून दिलं. देव्हारा मी ढकलत आणला. त्या दिवशी चमच्यांचा पिक्चर लावला आणि या वेळी कुठेही थांबवला नाही. ती बाई चमचे बांधते, दार ढकलून आत जाते. मुलगी कोपऱ्यात उभी असते, आपल्याकडे पाठ करून. बाई चमचे पुढे धरत नाही. ते मुलीच्या हातात देते आणि तिच्याजवळ खाली बसते. तसंच उजाडतं. ते गेलेलं असतं. चमच्यांना भिऊन गेलं, की बाईला, की आपणहून, ते पिक्चरमध्ये सांगितलेलं नाही.

"सांगितलं नाही," मी म्हणाले.

"सांगूपण नये," आबा म्हणाले, आणि उरलेले शेंगदाणे मला दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाची गाडी दारात उभी राहिली. सामान भरलं, देव्हारा चादरीत गुंडाळून मागे ठेवला. काकू गेटपाशी आल्या होत्या, चाचाही इस्त्रीची गाडी सोडून आले होते, अजून पाच-सहा माणसं होती. आबा पुढच्या सीटवर बसले. मुलाने अक्कांचा फोटो हातात घेतला आणि उजेडात धरून पाहिला.

"आबा, काचेवर काय लागलंय हे?" त्याने खिशातून रुमाल काढला.

आबांनी हात उचलला, पण सीटचा पट्टा लावलेला होता, हात पोचला नाही.

"राहू द्या, भाऊ," मी म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते आबांनी लावलंय. पुसू नका."

मुलाने रुमाल खिशात ठेवला आणि फोटो आबांकडे दिला. आबांनी तो मांडीवर घेतला आणि काच छातीकडे केली.